मुद्रित की इलेक्ट्रॉनिक? : ग्रंथालयीन नियतकालिकांच्या निवडीचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

विद्यापीठीय ग्रंथालयाच्या वार्षिक कामकाजात ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवस नियतकालिकांच्या नूतनीकरणाचे असतात. परदेशी नियतकालिकांचे वर्गणीवर्ष जानेवारी ते डिसेंबर असे असते, तर ग्रंथालयाला मिळणारे अनुदान एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षाचे असते. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी ग्रंथपाल वर्ष संपण्यापूर्वीच प्रत्येक विभागाकडे चालू नियतकालिकांची यादी पाठवितात; कोणती चालू ठेवावीत आणि कोणती थांबवावीत, याविषयी विभागाचे मत मागवितात. इलेक्ट्रॉनिक आवृत्त्या उपलब्ध झाल्यापासून या यादीसोबत आणखी एक प्रश्न येऊ लागला आहे : वर्गणी मुद्रित अंकाची भरावयाची, इलेक्ट्रॉनिक आवृत्तीची, की दोन्हींची?

या प्रश्नाचे उत्तर देताना साहित्य विभागांत सामान्यतः दोन प्रवृत्ती दिसतात. पहिली छापील अंकाविषयीच्या जिव्हाळ्यातून कागदाचा आग्रह धरते. दुसरी काळाबरोबर राहण्याच्या भावनेतून आणि जागेच्या टंचाईमुळे सर्व काही पडद्यावर नेऊ पाहते. दोन्ही प्रवृत्तींत एक गृहीत समान आहे. मजकूर तोच, फक्त त्याचे वाहन बदलते, असे दोन्हींना वाटते. वस्तुतः येथे वाहनाबरोबर व्यवहारही बदलतो. मुद्रित अंकाची वर्गणी भरताना ग्रंथालय एक वस्तू विकत घेते. इलेक्ट्रॉनिक आवृत्तीची वर्गणी भरताना ते बहुधा मुदतीचा प्रवेशाधिकार घेते. निवडीचे सारे निकष या भेदातून निर्माण होतात. हा भेद स्पष्ट करणे, त्यावरून ग्रंथालये निर्णय कसा घेतात हे दाखविणे आणि मराठी नियतकालिकांच्या बाबतीत तो निर्णय वेगळा का ठरतो याचा विचार करणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

२. मुद्रित अंकाची व्यवस्था

विद्वत्तापूर्ण नियतकालिकांची परंपरा इ. स. १६६५ पासून सांगितली जाते. त्या वर्षी जानेवारीत पॅरिस येथे ‘जूर्नाल दे साव्हाँ’ आणि मार्चमध्ये लंडन येथे ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ यांचा आरंभ झाला. मराठीत बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दिग्दर्शन’ या मासिकाने १८४० मध्ये नियतकालिक ज्ञानप्रसाराचा पाया घातला. या दीर्घ काळात वर्गणी या शब्दाचा अर्थ फारसा बदलला नाही. आगाऊ पैसे भरावेत, ठराविक अंतराने अंक यावेत आणि आलेला अंक कायमचा वर्गणीदाराचा व्हावा, असा तो व्यवहार होता. पुढील वर्षी वर्गणी थांबली, प्रकाशनसंस्था बंद पडली किंवा संपादक बदलले, तरी फडताळातील जुना अंक कोणी परत मागत नसे.

मात्र ही मालकी फुकट मिळत नाही. अंक टपालाने आला की नियतकालिक विभागात त्याची कार्डेक्समध्ये किंवा संगणकावर नोंद करावी लागते. न आलेल्या अंकासाठी मुदतीत स्मरणपत्र पाठवावे लागते. मराठी त्रैमासिकांच्या बाबतीत हे काम विशेष जिकिरीचे असते. जोडअंक निघाला की एक अंक गहाळ झाल्याचा समज होतो. उलट, खरोखर गहाळ झालेला अंक जोडअंक असावा अशा समजुतीने मागवायचा राहून जातो. मोजक्याच प्रती छापल्या जात असल्याने वर्षभराने जाग आली तर तो अंक प्रकाशकाकडेही शिल्लक नसतो. वर्षअखेर अंक एकत्र करून, सूची लावून त्यांची बांधणी करावी लागते. त्यानंतर जागा, झाडलोट, वाळवी आणि ओल यांपासून संरक्षण, फाटलेल्या पानांची दुरुस्ती हा खर्च दरवर्षी, आणि खरे तर अनंत काळ, चालू राहतो. वर्गणीच्या पावतीवर यातील एकही रक्कम दिसत नाही.

परदेशी नियतकालिकांच्या बाबतीत भारतीय ग्रंथालयांना चलनाच्या चढउताराचाही फटका बसत आला आहे. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले, तेव्हा परकीय चलनात किंमत न वाढताही त्याच अंकांसाठी अधिक रुपये मोजणे भाग पडले. अनुदान त्या प्रमाणात वाढत नसेल, तर यादीतील काही नावे खोडणे एवढाच मार्ग ग्रंथपालापुढे उरतो. इलेक्ट्रॉनिक आवृत्त्यांचे स्वागत झाले त्यामागे नवलाईइतकीच ही जुनी अडचण होती.

३. इलेक्ट्रॉनिक आवृत्तीचा उदय

साहित्य आणि मानव्यविद्या यांच्या दृष्टीने दोन उपक्रम विशेष उल्लेखनीय आहेत. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे मुद्रणालय आणि त्याच विद्यापीठाचे ग्रंथालय यांनी १९९३ मध्ये ‘प्रोजेक्ट म्यूझ’ची उभारणी सुरू केली आणि १९९५ पासून त्याद्वारे मानव्यविद्यांची नियतकालिके इंटरनेटवर मिळू लागली. साहित्यसिद्धान्ताच्या अभ्यासकांना परिचित असलेले ‘न्यू लिटररी हिस्टरी’ त्यांपैकीच एक. दुसरा उपक्रम ‘जेस्टॉर’. अँड्र्यू मेलन प्रतिष्ठानचे तत्कालीन अध्यक्ष विल्यम बोवेन यांच्या पुढाकाराने तो १९९५ मध्ये उभा राहिला. ग्रंथालयांतील जागेचा प्रश्न हे त्याच्या उगमाचे कारण होते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड फडताळे व्यापत होते. त्यांची पाने प्रतिमारूपात साठवून सर्वांना उपलब्ध केली, तर प्रत्येक ग्रंथालयाला तेच खंड सांभाळावे लागणार नाहीत, अशी ही कल्पना होती.

या दोन उपक्रमांतील फरक निवडीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. ‘म्यूझ’ने प्रारंभापासून चालू अंकांवर भर दिला. ‘जेस्टॉर’ने जुन्या अंकांपासून आरंभ केला आणि प्रकाशकांचे उत्पन्न बुडू नये म्हणून अलीकडच्या काही वर्षांचे अंक बाहेर ठेवले. ही सीमा दरवर्षी एकेका वर्षाने पुढे सरकते, म्हणून तिला ‘सरकती भिंत’ म्हटले जाते. बहुसंख्य नियतकालिकांसाठी ती तीन ते पाच वर्षांची असते. तात्पर्य, ‘हे नियतकालिक इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळते’ या विधानाचा स्वतंत्रपणे काहीच अर्थ होत नाही. कोणत्या वर्षापासून, कोणत्या वर्षापर्यंत आणि किती विलंबाने मिळते, हे विचारल्याखेरीज ते विधान अपुरे राहते.

४. मालकी आणि प्रवेशाधिकार

इलेक्ट्रॉनिक वर्गणीचा आधार परवाना-करार असतो. त्यातील काही कलमांवर ग्रंथालयाचा सारा निर्णय अवलंबून असतो, म्हणून ती विभागातील अध्यापकांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिले कलम वाचक कोण याविषयीचे असते. विद्यापीठाच्या आवारातील संगणकांनाच प्रवेश आहे, की नोंदणीकृत विद्यार्थ्याला घरूनही वाचता येते? संलग्न महाविद्यालयातील अध्यापकाला, निवृत्त प्राध्यापकाला, गावातून आलेल्या स्वतंत्र अभ्यासकाला काय अधिकार आहे? मुद्रित अंकाच्या बाबतीत हा प्रश्न ग्रंथपालाच्या सौजन्यावर सुटत असे. इलेक्ट्रॉनिक आवृत्तीत तो करारावर सोपविला जातो. मराठी संशोधनात विद्यापीठाबाहेरील अभ्यासकांचा वाटा मोठा राहिला आहे, हे ध्यानात घेता या कलमाचे महत्त्व सहज पटेल.

दुसरे कलम देवघेवीचे. मुद्रित अंकातील एखाद्या लेखाची प्रत ग्रंथालये परस्परांना पाठवीत आली आहेत. दिल्लीत १९८८ मध्ये सुरू झालेल्या ‘डेलनेट’ने ही देवघेव अधिक सुकर केली. इलेक्ट्रॉनिक लेख दुसऱ्या ग्रंथालयाला देता येतो की नाही, आणि दिला तर कोणत्या रूपात, हे करार ठरवितो.

तिसरे कलम सर्वांत निर्णायक आहे. वर्गणी थांबविल्यावर, ज्या वर्षांचे पैसे भरले आहेत त्या वर्षांचे अंक पुढेही वाचता येतील काय? काही करारांत हा हक्क स्पष्टपणे दिलेला असतो. काहींत वर्गणी संपताच जुने-नवे सारे अंक एकाच दिवशी बंद होतात. दहा वर्षे वर्गणी भरलेल्या ग्रंथालयाच्या हाती अकराव्या वर्षी काहीच नसावे, ही स्थिती मुद्रित व्यवस्थेत संभवत नव्हती. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाने फेब्रुवारी २०१९ मध्ये एल्सव्हियर या प्रकाशनसंस्थेबरोबरच्या वाटाघाटी थांबविल्या आणि त्या वर्षीच्या जुलैत नव्या लेखांचा प्रवेश खंडित झाला. नवा करार मार्च २०२१ मध्ये झाला. मधल्या काळात पूर्वी पैसे भरलेले बरेचसे जुने लेख त्या विद्यापीठाच्या वाचकांना मिळत राहिले, कारण तसा हक्क आधीच्या करारांत राखून ठेवलेला होता. वाटाघाटी थांबविण्याचे बळही काही अंशी त्या हक्कातून आले असे म्हणता येईल.

५. खर्चाचा हिशेब आणि त्याच्या मर्यादा

ग्रंथालये निवडीसाठी जो हिशेब मांडतात त्याला ‘प्रतिवापर खर्च’ म्हणतात. वर्षभराचा खर्च भागिले वर्षभरातील वापर, असे त्याचे सूत्र आहे. मुद्रित अंकांचा वापर मोजण्यासाठी वाचकांनी टेबलावर सोडलेले अंक परत लावताना त्यांची नोंद घेतली जाते. इलेक्ट्रॉनिक लेखांचा वापर प्रकाशकाच्या संगणकावर नोंदला जातो. त्या नोंदी सर्वत्र एकाच पद्धतीने व्हाव्यात यासाठी २००३ मध्ये ‘काउंटर’ ही आचारसंहिता प्रसिद्ध झाली.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एका परदेशी नियतकालिकाची वर्गणी २४,००० रुपये असून त्यातील लेख वर्षात ४० वेळा वाचले गेले, तर प्रतिवापर खर्च ६०० रुपये होतो. एका मराठी त्रैमासिकाची वर्गणी ६०० रुपये, बांधणी व इतर खर्च ३०० रुपये, आणि वापर अवघा ९ वेळा झाला, तर प्रतिवापर खर्च १०० रुपये येतो. केवळ वापराचा आकडा पाहणाऱ्याला दुसरे नियतकालिक दुर्लक्षित वाटेल. हिशेब पाहणाऱ्याला ते सहापट स्वस्त दिसेल. यादीतून नाव खोडण्यापूर्वी विभागाने ही आकडेमोड स्वतः करून पाहावी, हे बरे.

वर्गणीबाहेरील खर्चाचा पद्धतशीर अभ्यास २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. शॉनफेल्ड, किंग, ओकर्सन आणि फेन्टन यांनी अकरा विद्यापीठीय व महाविद्यालयीन ग्रंथालयांतील कामकाज तपासले. अंक स्वीकारणे, नोंदणे, बांधणे, लावणे आणि दीर्घकाळ सांभाळणे हा खर्च धरला, तर इलेक्ट्रॉनिक आवृत्ती कमी खर्चाची पडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष जागेची व मनुष्यबळाची टंचाई असलेल्या आपल्याकडील ग्रंथालयांनाही विचारात घ्यावा लागेल.

तथापि साहित्याभ्यासात या हिशेबाला दोन मर्यादा पडतात. विज्ञानशाखांत लेखाचा वापर प्रसिद्धीनंतरच्या थोड्या वर्षांत एकवटतो. साहित्यात चाळीस वर्षांपूर्वीचा परीक्षणलेख आजच्या प्रबंधाचा कणा ठरू शकतो. एका वर्षाच्या वापरावरून त्याचे मोल ठरविणे योग्य नव्हे. दुसरी मर्यादा अशी, की साहित्याच्या अभ्यासकाला अनेकदा सुटा लेख नको असतो, संपूर्ण अंक हवा असतो. कविता कोणत्या कथेशेजारी छापली गेली, संपादकीयात कोणता वाद चालू होता, पत्रव्यवहारात वाचक काय म्हणत होते, मुखपृष्ठ कोणाचे होते आणि मलपृष्ठावर कशाची जाहिरात होती, यांतून एका काळाची वाङ्मयीन अभिरुची उभी राहते. १९८२ मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथा’चा अभ्यास निवडक लेखांच्या संचावरून होऊ शकत नाही. लेखवार संगणकीकरणात नेमका हा भाग प्रथम गळतो.

६. गठ्ठा करार आणि ग्रंथालयसंघ

इलेक्ट्रॉनिक आवृत्त्यांबरोबर वर्गणीची एककेही बदलली. पूर्वी ग्रंथालय एकेक नियतकालिक निवडीत असे. १९९६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये ॲकॅडेमिक प्रेस या संस्थेने आपली सर्व नियतकालिके एकत्रितपणे विद्यापीठांना देण्याचा करार केला आणि पुढे हीच पद्धत रूढ झाली. एका रकमेत शेकडो नावे मिळू लागली, लहान ग्रंथालयांना पूर्वी स्वप्नवत वाटणारा संग्रह खुला झाला. पण गठ्ठ्यातील नको असलेली नावे वगळून पैसे वाचविण्याची मुभा फारशी उरली नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे ग्रंथपाल केनेथ फ्रेझियर यांनी २००१ मध्ये या करारांविषयी इशारा दिला, तेव्हा त्यांचा मुख्य आक्षेप असा होता की ग्रंथालय एकदा अशा करारात गुंतले की त्यातून बाहेर पडणे उत्तरोत्तर अवघड होते. गठ्ठ्याची रक्कम अंदाजपत्रकातून प्रथम जाते. उरलेल्या रकमेत लहान प्रकाशकांची व संस्थांची नियतकालिके बसवावी लागतात.

भारतात या प्रश्नाला संघटित खरेदीचे उत्तर शोधले गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘यूजीसी-इन्फोनेट’ उपक्रमाद्वारे २००४ पासून विद्यापीठांना इलेक्ट्रॉनिक नियतकालिके मिळू लागली. त्याची व्यवस्था इन्फ्लिबनेट केंद्राकडे होती. महाविद्यालयांसाठी २०१० मध्ये ‘एन-लिस्ट’ आले. २०१५ मध्ये अशा वेगवेगळ्या योजना एकत्र करून ‘ई-शोधसिंधू’ची रचना झाली. यापुढचा टप्पा म्हणजे ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० मोठे आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक संस्था, असा तिचा आवाका जाहीर करण्यात आला.

परदेशी नियतकालिकांपुरते पाहिले तर या योजनांनी निवडीचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला आहे. जे नियतकालिक योजनेतून मिळते त्याची स्वतंत्र वर्गणी भरणे हे दुहेरी खर्चाचे काम होय. परंतु येथेच एक अनपेक्षित संकट उभे राहण्याचा संभव आहे. ‘आता सर्व नियतकालिके केंद्राकडून मिळतात’ अशी समजूत प्रशासनात रुजली, तर ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकातील नियतकालिकांची तरतूदच अनावश्यक ठरविली जाईल. या योजनेतील प्रकाशक आंतरराष्ट्रीय आहेत. मराठी साहित्यसंस्थांची त्रैमासिके त्यांच्या यादीत येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हजारो इंग्रजी नियतकालिकांचा लाभ होत असताना सहाशे रुपयांच्या मराठी त्रैमासिकाची वर्गणी खंडित होणे, असा विपरीत परिणाम कोणाच्याही हेतूशिवाय घडू शकतो.

७. जतनाची जबाबदारी

मुद्रित काळात जतन ही स्वतंत्र योजना नव्हती. अनेक ग्रंथालयांनी एकच अंक घेतला, म्हणून एके ठिकाणी तो नष्ट झाला तरी दुसरीकडे उरला. इलेक्ट्रॉनिक आवृत्तीत हजारो ग्रंथालयांचे वाचक एकाच ठिकाणच्या प्रतीकडे पाहत असतात. ती प्रत नाहीशी झाली तर सर्वांचीच नाहीशी होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या ‘लॉक्स’ या उपक्रमाने म्हणूनच पुन्हा जुन्या तत्त्वाकडे वळून, अनेक ग्रंथालयांच्या संगणकांवर प्रती ठेवण्याची पद्धत निर्माण केली. २००५ मध्ये ‘पोर्टिको’ हे मध्यवर्ती संचयस्थान सुरू झाले. ‘ग्राफ्ट’ हे वैद्यकीय नियतकालिक बंद पडून प्रकाशकाने ते उपलब्ध करणे थांबविले, तेव्हा ‘लॉक्स’वर आधारित ‘क्लॉक्स’ या संचयातून २००८ मध्ये ते सर्वांना खुले करण्यात आले. कागदावरील अंकाप्रमाणेच पडद्यावरील अंकही सांभाळता येतो, हे यावरून सिद्ध होते. मात्र त्यासाठी कोणीतरी जाणीवपूर्वक ती जबाबदारी घेतलेली असावी लागते.

भारतात मुद्रित प्रकाशनांच्या बाबतीत १९५४ च्या ग्रंथवितरण कायद्याने काही व्यवस्था केली आणि १९५६ च्या दुरुस्तीने तिचा विस्तार वृत्तपत्रांपर्यंत झाला. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय येथे प्रती पाठविणे त्यानुसार प्रकाशकावर बंधनकारक आहे. हा कायदा छापील प्रतीच्या कल्पनेवर उभा आहे. केवळ संकेतस्थळावर निघणाऱ्या मराठी नियतकालिकाला त्याचे छत्र तेवढ्याच खात्रीने लाभत नाही.

८. मराठी नियतकालिकांची विशेष स्थिती

मराठी नियतकालिकांच्या बाबतीत आणखी एक अडचण लिपीच्या तंत्रातून आली आहे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. तरीही संगणकीय अक्षरजुळणीच्या त्या काळात, आणि पुढेही दीर्घकाळ, मुद्रण-व्यवसायात प्रत्येक फॉन्टची स्वतःची संकेतपद्धती होती. ज्या फॉन्टमध्ये अंक जुळविला तो फॉन्ट संगणकावर नसेल, तर फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांची अर्थहीन मालिका दिसते. अशा फाइलवरून केलेली प्रत पडद्यावर नीट दिसली तरी तिच्यात एखादा शब्द शोधू गेल्यास तो सापडत नाही. परिणामी त्या काळातील पुष्कळ मराठी अंकांच्या बाबतीत संगणकीय मूळ हाती असूनही वाचनीय मूळ म्हणजे छापील अंकच होय. जुन्या शिळाछाप व खिळाछाप अंकांच्या प्रतिमा घेता येतात. पण त्यांतील जोडाक्षरे यंत्राकडून अचूक ओळखली जाण्यास अडचणी येतात, आणि सूचीशिवाय प्रतिमांचा ढीग फडताळातील धुळीपेक्षा फारसा उपयुक्त ठरत नाही.

सूचीचे महत्त्व मराठीने फार पूर्वी ओळखले होते. शं. ग. दाते, दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांनी १८०० ते १९५० या कालखंडातील मराठी नियतकालिकांची सूची सिद्ध केली, ती ग्रंथालयांनी अंक सांभाळले होते म्हणून. १८६७ ते १९३७ अशी सत्तर वर्षे चाललेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’चा अभ्यास आज शक्य आहे, तोही त्यामुळेच. याच्या उलट अनुभव लघुनियतकालिकांचा आहे. १९५५ नंतरच्या दोन दशकांत ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’ अशी जी अनियतकालिके निघाली, त्यांना ग्रंथालयीन वर्गणीच्या चौकटीत स्थान नव्हते. त्यांना निश्चित काळ नव्हता, नियमित पावती नव्हती, कधी पत्ताही स्थिर नव्हता. मराठी कवितेला वळण देणाऱ्या या अंकांचे संपूर्ण संच आज अभ्यासकाला प्रामुख्याने खासगी संग्रहांत शोधावे लागतात. ग्रंथालयाने जे घेतले नाही ते पुढच्या पिढीला जवळजवळ नसल्यासारखेच होते, हा यातील धडा आहे.

महाराष्ट्राबाहेर निघालेल्या मराठी नियतकालिकांना हा धडा अधिक लागू पडतो. बडोद्याचे ‘अभिरुची’ किंवा हैदराबादचे ‘पंचधारा’ यांचे अंक ज्या ग्रंथालयांनी सांभाळले, तेथेच बृहन्महाराष्ट्रातील वाङ्मयीन जीवनाचा पुरावा टिकून आहे. राज्य मराठी विकास संस्थेसारख्या संस्थांनी दुर्मीळ मराठी मुद्रितांचे संगणकीकरण हाती घेतले, हे स्वागतार्हच आहे. परंतु संगणकीकरणासाठी प्रथम कोठेतरी अखंड, बांधीव संच असावा लागतो.

९. निवडीची पद्धती

वरील विवेचनावरून, नूतनीकरणाच्या यादीतील प्रत्येक नावापुढे काही प्रश्न क्रमाने विचारता येतात. (१) या नियतकालिकाची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती आहे काय, आणि ती मुद्रित अंकाशी पानोपानी जुळते काय? (२) ती ग्रंथालयसंघाच्या योजनेतून आधीच मिळते काय. मिळत असल्यास कोणत्या वर्षांची? (३) वर्गणी किंवा योजना थांबल्यावर ग्रंथालयाच्या हाती काय उरते? (४) तिचा वाचक कोण आहे, आणि तो आवाराबाहेरून वाचू शकतो काय? (५) आपण हा अंक ठेवला नाही, तर दुसरे कोण ठेवीत आहे?

विज्ञान व सामाजिक शास्त्रांच्या बहुसंख्य परदेशी नियतकालिकांबाबत पहिल्या चार प्रश्नांतच निर्णय होतो आणि तो इलेक्ट्रॉनिक आवृत्तीच्या बाजूने जातो. ‘न्यू लिटररी हिस्टरी’सारख्या नियतकालिकाचे मुद्रित अंक जगभरच्या ग्रंथालयांत असल्याने प्रत्येक मराठी विभागाने ते कागदावर घेण्याचे कारण नाही; प्रवेश मिळणे पुरेसे आहे. मुंबईहून १९६६ पासून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक ‘जेस्टॉर’मध्ये आहेत, तेथे चालू अंक वाचनकक्षात ठेवून जुन्यांची बांधणी थांबविण्याचा मध्यम मार्ग स्वीकारता येतो.

मराठी नियतकालिकांपाशी आल्यावर मात्र पाचवा प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो. येथे इतर कोणी अंक सांभाळत असेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून त्यांची मुद्रित वर्गणी, शक्य तेथे पंचवार्षिक किंवा आजीव, चालू ठेवणे, न आलेला अंक त्याच तिमाहीत मागविणे आणि बांधणी खंडित होऊ न देणे हेच ग्रंथालयीन दृष्ट्या काटकसरीचे धोरण ठरते. इलेक्ट्रॉनिक आवृत्ती असल्यास ती शोधासाठी आणि दूरच्या वाचकासाठी अवश्य घ्यावी, मुद्रित अंकाला पर्याय म्हणून घेऊ नये.

प्रत्येक ग्रंथालयाने सर्व काही ठेवावे, असा याचा अर्थ नाही. एका विभागातील विद्यापीठे, जुनी महाविद्यालये आणि सार्वजनिक ग्रंथालये यांनी आपापल्या मराठी नियतकालिकांची संयुक्त सूची केली, कोणाकडे कोणत्या वर्षांचे अंक आहेत व कोणते नाहीत हे नोंदविले, आणि प्रत्येकाने काही नियतकालिकांचे अखंड संच कायम सांभाळण्याचे वाटून घेतले, तर जागेचा प्रश्नही आटोक्यात येईल. एखाद्या ग्रंथालयाने बांधीव खंड काढून टाकण्यापूर्वी ही सूची पाहावी, एवढा नियम झाला तरी पुष्कळ नुकसान टळेल.

१०. समारोप

मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक यांतील निवड ही जुन्या आणि नव्याची निवड नाही. ज्या मजकुराला जगात अनेक रक्षक आहेत, त्याच्या बाबतीत प्रवेशाधिकार पुरेसा आहे आणि तो इलेक्ट्रॉनिक मार्गाने स्वस्त व सुलभ मिळतो. ज्या मजकुराला आपल्याखेरीज रक्षक नाही, त्याच्या बाबतीत मालकी आवश्यक आहे. हा विवेक ग्रंथपाल एकटा करू शकत नाही, कारण कोणते नियतकालिक कोणत्या वर्गात मोडते हे विषयाचा अभ्यासकच सांगू शकतो. ऑक्टोबरमध्ये विभागात येणारी यादी त्या दृष्टीने पाहिली, तर तिच्यातील सर्वांत कमी रकमेच्या ओळी सर्वांत काळजीपूर्वक वाचाव्या लागतील. पन्नास वर्षांनंतरच्या संशोधकाला आजचे मराठी वाङ्मयीन वाद, परीक्षणे आणि प्रथम प्रसिद्ध झालेल्या कविता मूळ रूपात पाहावयास मिळतील की नाही, हे बऱ्याच अंशी त्या ओळींवरील खुणेने ठरणार आहे.